काचपेटीतल्या समुद्रात नवा पाहुणा

भारताच्या नकाशावर यवतमाळ शोधा आणि फूटपट्टी घेऊन तेथून समुद्र किती दूर आहे ते मोजा. पश्चिमेला अरबी समुद्र, आग्नेयेला बंगालचा उपसागर. कोणतीही दिशा धरा, सरळ रेषेतसुद्धा पाचशे किलोमीटरांच्या आत किनारा लागत नाही. गंमत अशी, की दोन्ही समुद्र जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत! कपाशीच्या काळ्या मातीचे आणि कडक उन्हाळ्याचे हे गाव समुद्राला सर्व बाजूंनी पारखे आहे.

समजा, या गावातील एका घरी आज पाहुणा यायचा आहे. तो मुंबईहून निघाला, रात्रभर रेल्वेने प्रवास करून पहाटे धामणगावला उतरला आणि तेथून मोटारीने यवतमाळला पोचला. पाहुणा आहे जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा. नारिंगी अंग, त्यावर काळ्या किनारीचे तीन पांढरे पट्टे. प्लॅस्टिकच्या फुगीर पिशवीत तो तरंगतो आहे. सर्कशीतल्या विदूषकासारखा रंगविलेला दिसतो म्हणून त्याला विदूषक मासा म्हणतात. २००३ साली आलेल्या ‘फाइंडिंग नेमो’ या चित्रपटामुळे तो जगभरच्या मुलांच्या ओळखीचा झाला.

पिशवी घरात येताच सर्वांची एकच घाई उडते. “सोड बरं लवकर पाण्यात! रात्रभर कोंडला आहे बिचारा!” ही घाई मायेपोटी असते, यात शंका नाही. परंतु नेमकी हीच घाई पुष्कळदा माशाच्या जिवावर बेतते. असे का व्हावे? पाणी ते पाणी, मग पिशवीतले काय आणि पेटीतले काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि थोडे समाजशास्त्रही शिकावे लागेल. माशांचे समाजशास्त्र बरे का!

मीठ घातले म्हणजे समुद्र होत नाही

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात मराठी मुलांच्या अनेक पिढ्यांनी समुद्रातील मासे पाहिले. पण त्या मत्स्यालयासमोर रस्ता ओलांडला की समुद्रच होता. यवतमाळात समुद्र मुळापासून तयार करावा लागतो.

एक किलोग्रॅम समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत क्लोराइड सुमारे १९ ग्रॅम आणि सोडियम ११ ग्रॅमच्या आसपास. उरलेल्या क्षारांत सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि इतर कितीतरी द्रव्ये. स्वयंपाकघरातले मीठ म्हणजे जवळजवळ नुसते सोडियम क्लोराइड. त्याने पाणी खारट होईल, पण समुद्राचे होणार नाही. म्हणून मत्स्यपेटीसाठी सर्व क्षार योग्य प्रमाणात असलेले खास मिश्रण विकत मिळते, तेच वापरतात.

हे मिश्रण ज्या पाण्यात विरघळवायचे ते पाणीही तितकेच महत्त्वाचे. यवतमाळ शहराला निळोणा आणि चापडोह या जलाशयांतून पाणी मिळत आले आहे. नळाला येणाऱ्या पाण्यात जंतुनाशक म्हणून क्लोरीन मिसळलेला असतो आणि तो माशाच्या कल्ल्यांना घातक असतो. विहिरीचे आणि बोअरचे पाणी जड असते, आणि जिल्ह्याच्या काही भागांत त्यात फ्लोराइडही प्रमाणाबाहेर आढळले आहे. म्हणून गाळणयंत्रातून काढलेले, जवळजवळ क्षाररहित पाणी घेऊन त्यात मिश्रण विरघळवणे चांगले. असे यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकते. पाणीटंचाई सोसलेल्या जिल्ह्यात ते गटारात सोडणे बरे नव्हे. फरशी पुसायला किंवा भांडी विसळायला ते चालते.

पाणी पुरेसे खारे झाले की नाही हे पाहण्यासाठी हायड्रोमीटर वापरतात. दूध संकलन केंद्रावर दुधात बुडवतात त्या लॅक्टोमीटरचाच हा भाऊ. पाणी जितके दाट, तितका तो अधिक वर तरंगतो. समुद्राच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास असते.

आता एक कोडे. शंभर लिटरच्या पेटीत साडेतीन किलो क्षार आहेत. यवतमाळच्या कोरड्या हवेत काही दिवसांत दहा लिटर पाण्याची वाफ झाली. पेटी पुन्हा भरायची आहे. खारे पाणी घालाल की गोडे? पुष्कळजण पटकन ‘खारे’ म्हणतात. पण थांबा! वाफ होते ती फक्त पाण्याची. क्षार पेटीतच राहतात. साडेतीन किलो क्षार आता नव्वद लिटरांत आहेत, म्हणजे लिटरमागे ३५ ऐवजी जवळजवळ ३९ ग्रॅम. तेव्हा भर घालायची ती गोड्या पाण्याचीच, आणि तीही रोज थोडीथोडी.

डोळ्यांना न दिसणारे मदतनीस

खारे पाणी तयार झाले, दिवा लागला, हवेचे बुडबुडे निघू लागले. आता मासा आणायला काय हरकत आहे? हरकत आहे. पेटी अजून निर्जीव आहे.

मासा आपल्या शरीरातील नायट्रोजनयुक्त टाकाऊ द्रव्य मुख्यतः अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. समुद्र अफाट असल्यामुळे तेथे हा अमोनिया कोठल्या कोठे जातो. पेटीत तो साचतो आणि मासा आपल्याच विषात पोहू लागतो. त्याला वाचवतात सूक्ष्मजीव. त्यांचा एक गट अमोनियापासून नायट्राइट तयार करतो. नायट्राइटही विषारीच, पण दुसरा गट त्याचे नायट्रेट बनवतो, आणि नायट्रेट माशाला पुष्कळच कमी त्रासदायक असते. दर आठवड्याला थोडे पाणी बदलले की तेही आटोक्यात राहते.

ही क्रिया यवतमाळच्या शेतकऱ्याला मुळीच नवी नाही. कपाशीला युरिया दिला की जमिनीत त्याचा अमोनिया होतो आणि मग मातीतले सूक्ष्मजीव त्याचे नायट्रेट करतात. झाडाची मुळे नायट्रोजन मोठ्या प्रमाणावर याच रूपात शोषतात. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास मातीतील या सूक्ष्मजीवांना वेगळे करून त्यांचे काम दाखवून दिले. शंभराहून अधिक वर्षांनी, २००५ मध्ये, याच कामात गुंतलेला एक निराळा सूक्ष्मजीव सापडला. तो जिवाणूंपैकी नसून आर्किया या प्राचीन गटातला होता. तो मिळाला कोठे ठाऊक आहे? अमेरिकेतील सिॲटल शहराच्या मत्स्यालयात, एका टाकीच्या तळाच्या खड्यांत! काचपेटीच्या तळाशी असे विज्ञान दडलेले असते.

हे मदतनीस विकत आणून लगेच कामाला लावता येत नाहीत. त्यांना वाढायला वेळ द्यावा लागतो. त्यासाठी रिकाम्या पेटीत रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकतात. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि त्यावर सूक्ष्मजीव पोसले जातात. दर दोन-तीन दिवसांनी पाण्याची चाचणी केली तर वहीत एक सुंदर आलेख काढता येतो. आधी अमोनियाची रेषा चढते आणि उतरते, मग नायट्राइटची रेषा चढते आणि उतरते, शेवटी नायट्रेटची रेषा वर जाऊ लागते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की पेटी जिवंत झाली असे समजावे. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे पाहुण्याच्या स्वागताची तयारी तो येण्याच्या दीड महिना आधीच सुरू होते.

पाण्याचा सामूही पाहावा लागतो. मातीच्या तपासणीत जो सामू सांगतात तोच हा. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.२ च्या आसपास असतो. तो टिकून राहावा म्हणून पेटीच्या तळाशी शंख-शिंपल्यांचा चुरा किंवा तशीच चुनखडीयुक्त वाळू घालतात. चुनखडी आणि समुद्र यांचे नाते फार जुने आहे. यवतमाळ जिल्ह्यातच वणी-मुकुटबन भागात चुनखडीचे जाड थर आहेत. पृथ्वीवर मासे निर्माणही झाले नव्हते अशा प्राचीन काळी ते समुद्राच्या तळाशी साचले. म्हणजे आज समुद्राला पारख्या असलेल्या या जिल्ह्यात एकेकाळी खराखुरा समुद्र होता!

वैशाखातील समुद्र

विदूषक माशाला २५ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. यवतमाळला मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, तर थंडीत रात्री तो दहाच्या आसपास उतरतो. थंडीसाठी पाण्यात बुडवायची तापनळी मिळते. खरी परीक्षा उन्हाळ्यात असते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात २५ अंशांना सुमारे ६.८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना सुमारे ६.२. इकडे प्राणवायू घटतो आणि तिकडे उष्णतेमुळे माशाची प्राणवायूची गरज वाढते. म्हणजे दोन्हीकडून कोंडी.

येथे विदर्भाची कोरडी हवा मदतीला येते. माठातले पाणी गार का होते? कूलर खोली थंड का करतो? पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते म्हणून. पेटीच्या पृष्ठभागावर लहान पंख्याचा झोत सोडला तर पाणी दोन-तीन अंशांनी उतरू शकते. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती तितकीशी चालत नाही, पण यवतमाळात छान चालते. मात्र वाफ झाली की गोडे पाणी घालायचे, हे कोड्याचे उत्तर विसरू नका! शिवाय वीज गेल्यावर चालेल असा बॅटरीवरचा हवापंप घरात हवाच. भर उन्हाळ्यात नवा मासा आणूच नये; दिवाळीनंतरचे दिवस त्यासाठी उत्तम.

निसर्गातील विदूषक माशांनाही उष्णतेचा ताप होतोच. पापुआ न्यू गिनीजवळच्या किंबे उपसागरात २०२३ मधील समुद्री उष्णतेच्या लाटेत शास्त्रज्ञांनी १३४ मासे वेळोवेळी मोजले. त्यांपैकी सुमारे शंभर माशांची लांबी चक्क कमी झाली होती! हे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. अंग आखडून घेणाऱ्या माशांचा त्या काळात निभाव अधिक चांगला लागला. पण निसर्गात जे जमते त्याची परीक्षा आपल्या पेटीत पाहू नये.

पिशवी उघडण्यापूर्वी

आता आपल्या पाहुण्याकडे वळू. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग प्राणवायू भरलेला आहे. पाणी फार घाण होऊ नये म्हणून निघण्यापूर्वी माशाला उपाशी ठेवलेले असते. तरीही रात्रभरात तेथे दोन गोष्टी साचल्या आहेत. एक अमोनिया आणि दुसरा माशाच्या श्वासातून निघालेला कार्बन डाय-ऑक्साइड.

कार्बन डाय-ऑक्साइडमुळे पाणी किंचित आम्लधर्मी होते, म्हणजे त्याचा सामू उतरतो. सामू उतरला की बहुतेक अमोनिया ‘अमोनियम’ या कमी घातक रूपात राहतो. म्हणजे बंद पिशवीत एक दोष दुसऱ्या दोषाला आवर घालत असतो. पिशवी उघडली की कार्बन डाय-ऑक्साइड उडून जातो, सामू चढू लागतो आणि तोच अमोनिया पुन्हा विषारी रूप धारण करतो. सामू एक अंकाने, समजा ७ वरून ८ वर, गेला तर विषारी अमोनिया जवळजवळ दहापट होतो! म्हणून लांबून आलेली पिशवी उघडून तासन्‌तास तशीच ठेवणे धोक्याचे.

मग लगेच सोडावा का? तेही नाही. कारण येथे परासरण आडवे येते. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते, हे तुम्ही लोणचे घालताना पाहिले असेल. विदूषक माशाच्या शरीरातील द्रवात क्षारांचे प्रमाण समुद्राच्या पाण्याच्या साधारण एकतृतीयांश असते. त्यामुळे त्याच्या अंगातले पाणी कल्ल्यांवाटे सतत बाहेर ओढले जाते. म्हणजे पाण्यात राहून तो तहानलेला! यावर उपाय म्हणून तो समुद्राचे पाणी पितो, आणि नको असलेले मीठ कल्ल्यांतील विशिष्ट पेशी बाहेर फेकतात. समुद्रातील मासे पाणी पितात हे अमेरिकन शास्त्रज्ञ होमर स्मिथ यांनी १९३० मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले. कल्ल्यांतील हे कारखाने एका ठराविक खारटपणाशी जुळवून चालू असतात. खारटपणा एकदम बदलला, तर त्यांना त्याच क्षणी आपले काम बदलता येत नाही.

एकीकडे अमोनिया ‘लवकर कर’ म्हणतो आणि दुसरीकडे परासरण ‘सावकाश घे’ म्हणते. ही गाठ सोडवण्याची युक्ती सोपी आहे, पण ती आदल्या दिवशी करायची असते. मासा पाठवणाऱ्याला त्याच्याकडील पाण्याचा खारटपणा आणि तापमान विचारून घ्यावे, आणि मासा ज्या पेटीत सोडायचा तिचे पाणी आधीच तसे करून ठेवावे. मग जुळवायचे उरते ते मुख्यतः तापमान.

पिशवी आली की खोलीतील आणि पेटीतील दिवे मंद करावेत. बंद पिशवी पेटीच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवावी, म्हणजे दोन्हींचे तापमान एक होईल. मग ती उघडून दर चार-पाच मिनिटांनी पेटीतले अर्धी वाटी पाणी पिशवीत घालावे. असे चार-पाच वेळा केले की पुरे. शेवटी मासा छोट्या पेल्याने अलगद उचलून पेटीत सोडावा. पिशवीतले पाणी मात्र पेटीत ओतू नये. त्यात रात्रभराचा अमोनिया असतो, आणि कदाचित रोगजंतूही. पेटीवर झाकण हवे, कारण घाबरलेला मासा उडी मारतो. पहिल्या दिवशी खाद्य दिले नाही तरी चालते.

आधी वेगळी खोली

मासा सोडायचा तो मोठ्या पेटीत नव्हे, तर आधी एका लहान, साध्या पेटीत. बंदरात आलेल्या जहाजाला पूर्वी साथीच्या भीतीने चाळीस दिवस बाहेर थांबवून ठेवत, तसाच हा प्रकार. त्यात लपायला नळीचा एखादा तुकडा आणि आधीच सूक्ष्मजीवांनी भरलेली स्पंजाची गाळणी एवढे पुरे. येथे पाहुणा चार आठवडे राहतो.

हे कशासाठी? समुद्रातील माशांवर क्रिप्टोकॅरिऑन नावाचा एकपेशीय परजीवी वाढतो. मिठाचे कण शिंपडावेत तसे पांढरे ठिपके अंगावर दिसतात. ठिपक्यातला जीव काही दिवसांनी गळून तळाला जातो, तेथे विभागून त्याचे शेकडो होतात आणि ते नव्या माशाच्या शोधात पोहू लागतात. अफाट समुद्रात त्यांतील फारच थोड्यांना मासा गवसतो. पेटीत मात्र मासा हातभर अंतरावरच असतो! त्यामुळे एका माशाबरोबर आलेला रोग साऱ्या पेटीचा फडशा पाडू शकतो. लहान पेटीतील जाळी, पेला, नळी मोठ्या पेटीत मुळीच वापरू नये.

घरात आधीच कोणी असेल तर?

आता माशांचे समाजशास्त्र. समुद्रात विदूषक मासे समुद्रफुलांच्या आश्रयाने राहतात. समुद्रफूल हे फूल नव्हे. तो दंश करणाऱ्या शुंडकांचा प्राणी आहे. एका समुद्रफुलात विदूषक माशांचा एक छोटा गट असतो आणि त्याचे नियम कडक असतात. सर्वांत मोठा मासा मादी असतो. दुसऱ्या क्रमांकाचा तिचा नर. त्यांच्याहून लहान असलेले बाकीचे उमेदवार नर किंवा मादी काहीच नसतात. मादी मेली तर तिचा नर काही आठवड्यांत वाढून स्वतः मादी होतो आणि उमेदवारांतला सर्वांत मोठा नर होतो. या लिंगबदलाचे सविस्तर वर्णन १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा चित्रपटातील नेमोची आई गेल्यावर त्याच्या बाबांचे खरे म्हणजे काय व्हायला हवे होते, ते तुम्हीच ठरवा!

पीटर बस्टन या शास्त्रज्ञाने पापुआ न्यू गिनीत केलेले निरीक्षण तर आणखी नवलाचे आहे. त्याने २००३ मध्ये दाखवले, की खालच्या क्रमांकाचा मासा वरच्याला आव्हान वाटू नये म्हणून स्वतःची वाढ आवरून धरतो. दोघांच्या आकारांतील अंतर हीच त्या घरातील शांततेची हमी.

यावरून व्यवहारातला नियम आपोआप निघतो. पेटीत आधीच एक विदूषक मासा असेल, तर नवा मासा त्याच जातीचा आणि स्पष्टपणे लहान निवडावा. सारख्या आकाराचे दोन मोठे मासे एकत्र सोडले तर एकाचा जीव जाईपर्यंत भांडण चालू शकते. नवा मासा सोडण्यापूर्वी पेटीतील दगडांची मांडणी बदलावी, म्हणजे जुन्या माशाचा ‘हा माझा कोपरा’ हा हक्क ढिला होतो. दोघांमध्ये छिद्रे असलेला पडदा चार-पाच दिवस ठेवला तर आणखी चांगले. एकमेकांना पाहता येते, चावता येत नाही.

पडदा काढल्यावर वहीत नोंदी ठेवा. थोरला धाकट्याच्या अंगावर धावतो, पंख टोचतो. धाकटा अंग तिरपे करून थरथरतो. ही आकडी नव्हे. “तू मोठा, मला मान्य आहे” असे तो सांगतो आहे. हे मासे जबडे आपटून टकटक आवाजही काढतात. तो आवाज नेमका कसा निघतो ते २००७ मध्ये समजले. थरथर दिसली की बहुधा तह झाला असे समजावे. पण धाकट्याचे पंख फाटू लागले, तो कोपऱ्यात पृष्ठभागाजवळ लटकून राहिला, खाईनासा झाला, तर त्याला ताबडतोब वेगळा करावा.

समुद्रफूल मात्र आणू नये. त्याला प्रखर प्रकाश आणि फार स्थिर पाणी लागते, आणि ते मेले तर पेटीतले सारे पाणी नासवते. विदूषक मासा पेटीत त्याच्यावाचून सुखाने राहतो.

पाहुणा आला कोठून?

मासा विकत घेताना एक प्रश्न विचारलाच पाहिजे: हा समुद्रातून पकडलेला आहे, की पैदास केंद्रात जन्मलेला? काही देशांत प्रवाळांत लपलेले मासे पकडण्यासाठी सायनाइड फवारले गेले आहे. त्यात मासे तर मरतातच, प्रवाळही मरते. सुदैवाने विदूषक मासा बंदिस्त जागेत अंडी घालतो. नर अंड्यांची राखण करतो आणि पंखांनी त्यांना वारा घालतो. आठवडाभराने, अंधार पडल्यावर पिल्ले बाहेर येतात. ती इतकी बारीक असतात, की त्यांना रोटिफर नावाचे सूक्ष्म प्राणी खाऊ घालावे लागतात. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तमिळनाडूतील मंडपम केंद्राने ही पैदास साधली आहे. आपल्याकडे नवी मुंबईत ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाने लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या साहाय्याने शोभिवंत सागरी माशांचे पैदास केंद्र उभारले आहे. पैदास केंद्रातला मासा पेटीत सहज रुळतो आणि समुद्राचे काही हिरावून घेत नाही.

आणि आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा. सांभाळलेला विदूषक मासा वीस वर्षांहून अधिक जगू शकतो. दहावीत आणलेला मासा तुम्ही नोकरीला लागेपर्यंत तुमच्यावर अवलंबून राहील. परीक्षेच्या दिवसांत, दिवाळीत मामाच्या गावी गेल्यावर, मे महिन्यातील दुपारी वीज गेल्यावर त्याच्याकडे कोण पाहणार? उत्तर नसेल तर मासा आणू नये. तो न आणताही पुष्कळ शिकता येते.

करून पाहा

१) सारख्या आकाराच्या दोन काकडीच्या चकत्या घ्या. एक साध्या पाण्यात, दुसरी मिठाच्या दाट द्रावणात ठेवा. तासाभराने दोन्ही वाकवून पाहा. कोणती लवचीक झाली? का?

२) एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवून ते पसरट भांड्यात ठेवा. रोज पाण्याची पातळी मोजा आणि लिटरमागे किती मीठ झाले ते गणिताने काढा. पंख्याखाली आणि पंख्याविना काय फरक पडतो तेही पाहा.

३) एका बाटलीत गार पाणी आणि एका बादलीत कोमट पाणी घ्या. बंद बाटली बादलीत तरंगत ठेवून दर दोन मिनिटांनी दोन्हींचे तापमान नोंदवा. ते सारखे व्हायला किती वेळ लागला? पिशवी पंधरा-वीस मिनिटे का तरंगत ठेवायची, याचे उत्तर तुमच्याच वहीत मिळेल.

शेवटी या माशाचीच एक सवय सांगतो. समुद्रफुलाचा दंश इतर माशांना घायाळ करतो, पण विदूषक मासा त्यात निवांत लोळतो. डेव्हनपोर्ट आणि नॉरिस या शास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत दिसले, की नव्या समुद्रफुलाजवळ आलेला विदूषक मासा एकदम आत शिरत नाही. तो आधी शेपटीचा, पंखांचा हलकासा स्पर्श करतो आणि मागे सरतो. पुन्हा येतो, थोडा अधिक स्पर्श करतो. असे बराच वेळ चालते आणि मगच तो शुंडकांच्या गर्दीत शिरतो. त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर त्याचे रक्षण करतो. त्या थराची रचना कशी आहे यावर आजही संशोधन चालू आहे.

नव्या घरात कसे शिरावे हे त्या चार सेंटिमीटरांच्या जिवाला ठाऊक आहे. आपण त्याला तेवढा वेळ द्यायचा: सूक्ष्मजीवांसाठी दीड महिना, पिशवीसाठी अर्धा-पाऊण तास, वेगळ्या खोलीसाठी चार आठवडे आणि थोरल्या-धाकट्याच्या तहासाठी काही दिवस. मग किनाऱ्यापासून पाचशे किलोमीटर दूर, यवतमाळच्या एखाद्या घरातही, समुद्राचा तो लहानसा तुकडा जिवंत राहील.